टिटवीचा आवाज

१२ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

पत्र्याच्या छपराखाली साठ पोरं एका दमात कविता म्हणायची, तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय. तिसरीचा वर्ग. दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा आणि त्याच्याखाली सगळे ताल धरायचे:

कुरकुरणारा रहाट, बाई, कोणासाठी फिरतो?
एक पोहरा भरुनी येतो, एक रिता उतरतो.

त्या साठांत एक आवाज नेहमी अर्धा शब्द मागे असायचा. वर्ग थांबला की तो शेवटचा अर्धा शब्द एकटाच उरायचा. फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी मला कळायचं, ही आपली. इतर मास्तर म्हणायचे, स्वतःच्या मुलीला तरी ताल शिकवा. मी शिकवला नाही. तो एकटा उरलेला अर्धा शब्द ऐकायला मी वर्गावर जात होतो, हे त्यांना कसं सांगणार?

फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे. माझा आवाज ऐकून तुझं काय होत असेल ते मला समजतं. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र.

तू म्हणालीस, झालं ते पुन्हा पुन्हा उगाळू नका. पण तोंडानं मला ते एकदाही धड सांगता आलं नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावरची गाठ काढली आणि तेव्हापासून माझं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवायचं विसरलं. मी म्हणालो होतो, या वयात कशाला हवंय ते, मला काय आता बोहल्यावर चढायचंय? पण खुर्चीतून उठायला दोन प्रयत्न लागायला लागले आणि पाठ असलेल्या कविता अर्ध्यावर सुटायला लागल्या. तूच हट्टानं डॉक्टरांकडे नेलंस. "बाबा, लाज कसली त्यात? चष्मा लावता ना डोळ्यांना, तसंच हे." रोज आंघोळीनंतर दोन्ही खांद्यांना जेल चोळायचं, वाळू द्यायचं, वर कपडा घालायचा, हात साबणानं धुवायचे.

हात मी इतके धुवायचो की तू साबणाच्या वड्यांवरून बोलायचीस. बनियनही घालायचो. पण टिटवीला झोपायला काय लागतं ते तुला ठाऊक आहे. दुपारी ती कुशीत शिरायची, बनियनच्या बाहीतून हात आत घालून माझा खांदा धरायची, गालही तिथंच टेकायची आणि कविता ऐकत झोपायची. तू दुकानात गुडघ्यांवर बसून लोकांच्या पावलांची मापं घेत असायचीस, जावईबापू कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असायचे. आजोबा घरी नात सांभाळत होते.

बूट पहिल्यांदा तुझ्याच लक्षात आले. एका वर्षात दोन मापं. मग घामाला मोठ्या माणसाचा वास, मग पाच वर्षांच्या पोरीच्या काखेत केस. पोटात गाठ असेल म्हणून तिला त्या मोठ्या यंत्रात झोपवलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर तू माझाच हात घट्ट धरून बसली होतीस. गाठ नव्हती. मुलांच्या हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणी अंगाला चोळायचं हॉर्मोन वापरतं का?" तू म्हणालीस, "नाही." आणि मग हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलंस.

ते तुझं वळून बघणं मी रोज बघतो.

तुम्ही घर सोडून निघालात तेव्हा जावईबापू म्हणाले, "मास्तर, तुमच्या मांडीवर पोर द्यायची सोयच ठेवली नाहीत." त्यांना सांग, वाक्य अचूक होतं.

जेल त्याच दिवशी बंद केलं. बाकीच्या गोळ्या घेतो, काळजी नको. करत नसशील, तरी.

तुझा
बाबा


६ मार्च

प्रिय बाळ,

टिटवीचा दुसरा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. लॅबमध्ये पहिल्यांदा तिला मीच नेलं होतं ना, तेव्हा माझा नंबर लिहिला गेला, तो अजून तसाच आहे. उघडायला नको होता. उघडला.

पहिल्या वेळी टेस्टोस्टेरॉन एकशे बेचाळीस होतं. या वयाच्या मुलीला दहाच्या आत हवं. आता एकतीस आलंय. मी तो आकडा भिंग लावून पाहिला, कुठे एखादं शून्य दडून तर बसलं नाही ना म्हणून. एकतीसच आहे. उतरतंय. तुला हे आधीच कळलं असेल, पण आनंदाची बातमी दोन तोंडांनी सांगितली तर बिघडत नाही.

परवा मीही रक्त दिलं. माझं एक्केचाळीस. माणसाला तीनशेच्या वर लागतं म्हणतात. पायरी चढताना पाय ओढावे लागतात, दात घासता घासता बसावंसं वाटतं, आणि सकाळी उठून कशासाठी उठलो ते आठवत नाही. तक्रार करत नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा वाटलं, तिचं आणि माझं एकत्रच उतरतंय, असंच उतरू दे. रहाटाची कविता मी चाळीस वर्षं शिकवली, पण रित्या पोहऱ्याच्या बाजूनं ती कधी वाचली नव्हती.

आता जे लिहायचं ते दोनदा लिहून फाडलंय.

जन्मल्यावर ती इतक्या बारीक आवाजात किंचाळली की सुईण हसून म्हणाली, "पोरगी नाही, टिटवी आहे." तेच नाव पडलं. टिटवीनं समुद्र आटवला होता म्हणतात, मी सगळ्यांना ऐकवत हिंडायचो. तोच आवाज या हिवाळ्यात भरायला लागला. थोडा जाड, थोडा खर्जातला. आणि मी काय केलं? मला आनंद झाला गं. तू दुकानातून आल्यावर मी तिला खुर्चीवर उभं करून रहाटाची कविता म्हणायला लावली आणि म्हणालो, "बघ, नातीचा आवाज कसा मास्तरी झालाय! शेवटच्या बाकापर्यंत पोचेल." तू हसलीस. जावईबापूंनीही टाळ्या वाजवल्या. टिटवीनं मान लववून नमस्कार केला, आणि तो आवाज तिला कुठून आला होता, ते माझ्या बनियनखाली वाळत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वास जाईल, केस जातील, हाडं वयापुढे धावलीत त्यांच्यावर लक्ष ठेवू. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. तू विचारलंस, सांगता येत नाही म्हणजे? त्या म्हणाल्या, "म्हणजे वाट बघायची."

मी बघतोय. जिथून काही ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बसून बघतोय.

बाबा


३० मार्च

प्रिय बाळ,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. "घरी पत्रं पाठवू नका. टिटवीला वाचता यायला लागलंय." दुसरी ओळ मी किती वेळा वाचली म्हणून सांगू! जोडाक्षरं येतात का? बरं, राहू दे. हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. गिऱ्हाईक नसताना वाच.

खालचा औषधवाला आज म्हणाला, "मास्तर, तुमचे जावई आले होते. जुनी बिलं मागत होते. त्या डॉक्टरवर तक्रार करणार म्हणे, म्हाताऱ्या माणसाला चौपट डोस दिला म्हणून." मी जिन्यातच बसलो. तो घाबरून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, अशक्तपणा.

अशक्तपणा नव्हता. बाळ, डॉक्टरांवर तक्रार करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चौपट डोस माझ्यामुळे झाला. हे तुला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, तुझ्या आईच्या फोटोसमोरही मी उच्चारलेलं नाही.

साखर तपासायला उपाशी जायचं, सकाळची गोळी नंतर घ्यायची, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक. मी मनाशी पुढचा धडा स्वतःच रचला. रक्ताची तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत कॉपी करायची नाही. जेल लावून रक्त द्यायचं म्हणजे बाहीत चिठ्ठी लपवून पेपर लिहिण्यासारखं. माझ्या शरीरानं स्वतःच्या हिमतीवर किती मार्क मिळवलेत ते डॉक्टरांना खरंखुरं कळायला हवं! म्हणून प्रत्येक तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस मी जेल लावतच नव्हतो. रक्त देऊन घरी आलो की पुन्हा सुरू. मोठ्या प्रामाणिकपणे मी ही लबाडी करत होतो.

जेलचं सगळं गणित असं, की लावलेलं असताना रक्तात किती चढलंय ते पाहायचं. हे आता मला समजलंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला.

पहिल्यांदा एकशे साठ आलं. डॉक्टरांनी विचारलं, "रोज लावता ना?" मी म्हणालो, "रोज." खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही. परीक्षेच्या आधी शाळेला सुट्टी असते, तिला कोणी गैरहजेरी म्हणतं का? त्यांनी डोस दुप्पट केला. पुढच्या वेळी एकशे नव्वद. पुन्हा दुप्पट. "काहींची त्वचा शोषून घेत नाही," म्हणाले. मी माझ्या त्वचेला मनात ढ ठरवलं.

त्याच कागदावर खाली दुसरा एक आकडा ठळक छापून आला होता. रक्तात तांबड्या पेशी शंभरात किती, त्याचा. चोपन्न. रक्त दाट झालं होतं. औषध जास्त झालं की असं होतं. डॉक्टर पेन कागदावर टेकवून थांबले. म्हणाले, "मास्तर, हे चमत्कारिक आहे. वरचा आकडा म्हणतो औषध पुरत नाही, खालचा म्हणतो जास्त झालंय. दोघांपैकी एक खोटं बोलतोय." आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ते दार उघडं होतं, बाळ. नुसतं पाऊल टाकायचं होतं. त्या क्षणी मला काहीतरी उमगलंही होतं, पूर्ण नाही, पण वर्गात एखाद्या पोराचा चेहरा पडतो तितकं. आणि मी, जन्मभर पोरांना "चूक कबूल करणारा खरा शूर" असं फळ्यावर सुविचार म्हणून लिहिणारा, म्हणालो, "मी पाणीच कमी पितो."

त्यांनी ते लिहून घेतलं. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला दिला.

घरी येऊन मी तांब्याभर पाणी प्यालो आणि चौपट जेल चोळलं. दुपारी टिटवी झोपायला आली.

जावईबापूंना हे पत्र दाखव. त्यांना सांग, डॉक्टर सज्जन आहेत, मास्तर नापास आहे.

बाबा


२ मे

प्रिय बाळ,

टिटवीचा तिसरा रिपोर्ट एप्रिलच्या शेवटी यायचा होता. आला नाही. फोन उशाशी असतो. वाजतो तेव्हा कर्ज देणारे असतात, नाहीतर मागच्या शाळेतला शिपाई, त्याला त्याच्या नातवासाठी निबंध हवा असतो. परवा दिला लिहून, "माझे आवडते आजोबा" या विषयावर. नियतीला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

तुम्ही नंबर बदलून घेतला असेल. घ्यायलाच हवा होता. पण आता मला काहीच कळणार नाही. एकतीसचं दहा झालं की पुन्हा चाळीस झालं? कुठे एखाद्या उशीला, एखाद्या जुन्या चादरीला माझं काही चिकटून राहिलंय का? माझे खांदे जिथे जिथे टेकले होते ते सगळं मी धुतलं, दोन उशा जाळल्या. आरामखुर्चीचं कापड उसवून टाकलं. आता नुसती चौकट उरलीय, तीत बसता येत नाही. औषधवाला म्हणतो, "मास्तर, त्याला काही महिने झाले, आता उशीत काय राहतंय?" त्याचं बरोबर असेल. बरोबर असलेल्यांचं ऐकायची सवय मला उशिरा लागतेय.

डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. त्यांनी माझे जुने कागद काढून पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं, तपासणीच्या दिवशी लावलं होतं का म्हणून. एवढाच एक प्रश्न." मी म्हणालो, विचारला असतात तरी मी हो म्हणालो असतो. त्यावर ते हसले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

माझ्या चोपन्नाचे बत्तीस झालेत. दाट होतं ते आता पातळ पडलंय. हाडंही ठिसूळ होतील, म्हणाले. "तुम्हाला हे औषध चैनीचं नाही. जेल नको तर इंजेक्शन घ्या. सुईतलं औषध कोणाच्या गालाला लागत नाही."

मी नाही म्हणालो.

"ही शिक्षा करून घेताय का?" त्यांनी विचारलं. "मास्तर, शिक्षेनं पोरं सुधारतात का? तुमचा अनुभव काय?"

उत्तर मला येत होतं. मी फाईल उचलली आणि निघालो.

तुला खरं सांगतो. मला सुधारायचंच नाहीये. ज्या औषधानं मला सकाळी उठावंसं वाटेल, कविता आठवतील, त्या औषधानं टिटवीचा आवाज गेला. मग उठून मी काय ऐकू? काल रहाटाची कविता म्हणून पाहिली. पहिली ओळ आली. दुसरी येईना. चाळीस वर्षं शिकवलेली दुसरी ओळ, बाळ. भिंतीकडे बघत बसलो. शेवटी तुला लिहिलेलं पहिलं पत्र आठवलं, त्यात ती लिहिली होती. पण ते पत्र तुझ्याकडे.

लिफ्ट तुम्ही गेल्यापासून बंद आहे. आधी बिघडली की जावईबापू सकाळी चहा घेता घेता दुरुस्त करायचे, कोणाला कळायचंही नाही. आता सगळी इमारत जिना चढताना त्यांची आठवण काढते. डॉक्टरांकडून आल्यापासून मी चौथ्या मजल्यावरून उतरतच नाही.

हे शेवटचं पत्र समज. उत्तराची अपेक्षा नाही. एवढंच कर, तिचा आकडा दहाच्या आत आला तर कोऱ्या पाकिटात कोरा कागद घालून पाठव. मी समजेन.

बाबा


२४ मे

प्रिय बाळ,

शेवटचं म्हणालो होतो, तरी लिहितोय. मास्तरांचा शेवटचा तास कधी वेळेवर संपतो का?

पाकीट आलेलं नाही. रोज टपालवाल्याची चाहूल घेतो. तो आता खालूनच ओरडतो, "मास्तर, काही नाही हो!" त्याच्या पायांचं बरोबर आहे. मीच त्याला म्हणालो होतो, चार मजले चढून नाही सांगायला येऊ नकोस.

मी हल्ली आडवाच असतो. विचार एकच येतो, की माझ्यानंतर तिला काय आठवेल? पाच वर्षांचं पोर, मांडी आठवेल का कविता आठवेल, की वर्गात कोणी आवाजावरून चिडवलं की मी आठवेन? तिला काहीच आठवू नये असं वाटतं, आणि असं वाटलं की

दार वाजतंय. कोणीतरी धापा टाकतंय बाहेर. बघून येतो.

.

हे उभ्याउभ्या लिहितोय. लॅबमधली बाई आहे, रक्त घ्यायला आलेली. निळी पेटी घेऊन पुढच्या खोलीत बसलीय आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. मी म्हणालो, बाई, घर चुकलात, मी कोणाला बोलावलेलं नाही. ती म्हणाली, "चार मजले चढून आलेय, आता घर चुकलं असेल तरी कोणाचं ना कोणाचं रक्त घेऊनच जाईन." मग कागद वाचला. बोलावणाऱ्याच्या जागी लिहिलंय: मुलगी. पैसे भरलेले.

खाली सूचना लिहिलीय, ती तिनं मोठ्यानं वाचली आणि स्वतःच हसली. "रुग्ण औषधाबद्दल खोटं सांगतात. दोनदा विचारा."

बाळ, ते अक्षर छापील आहे, पण आवाज मला ऐकू आला.

मी तिला विचारलं, ही तपासणी सांगायला लॅबमध्ये आल्या त्या बाईंबरोबर लहान मुलगी होती का? "होती की. तिचंच रक्त द्यायला आल्या होत्या गेल्या आठवड्यात. काय नाटकी पोरगी हो! कविता संपेपर्यंत टोचायचं नाही म्हणाली. आणि संपवेचना. शेवटच्या ओळीला आली की पुन्हा पहिल्यापासून. पोहरा भरून येतो, रिता उतरतो, मला पाठ झाली!"

मी विचारलं, आवाज कसा होता तिचा?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हा प्रश्न रक्ताच्या तपासणीत बसत नाही. "आवाज कसा असणार? रडत होती. रडताना सगळ्यांचा आवाज सारखाच, आजोबा."

आकडा तिला माहीत नाही. सांगायची परवानगीही नाही म्हणते. दुसरी ओळ मात्र मला परत मिळाली.

मग तिनं पेन काढून विचारलं, "टेस्टोस्टेरॉन चालू आहे?"

मी म्हणालो, "हो."

तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं, "चालू आहे?"

तिनं पेन तसंच धरून ठेवलं. अर्धा शब्द मागे राहून का होईना, मी म्हणालो, "नाही."

तिनं तसं लिहून घेतलं. आता बाही वर करा म्हणतेय.